दुमजली विमानाच्या तारा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच विचारली. भाडेकरू ठेवताना ती आपल्याकडे आडून आडून का होईना, विचारतातच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "केस काहून कापले?"

आखाडा बाळापूरच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. मूळची मी साताऱ्याकडची. मुलूख नवा, बोली नवी, आणि पहिल्याच ओसरीवर हा असा प्रश्न. मी पर्स खांद्याला लावून उठलेच होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "अवो, पोरगी पळून जाईल. च्या तरी घेऊ द्या तिला." पाठोपाठ काकू आल्या. हातात कपबशी आणि पाठीवर कमरेच्याही खाली गेलेला शेपटा. "मनावर घेऊ नका, मॅडम," त्या म्हणाल्या. "यायच्या विमानाला केस लागतात. म्हणून जो दिसंल त्याच्या डोक्याकडंच बघतात."

विमानाला केस लागतात हे ऐकूनही मी ती खोली घेतली. विचित्र माणसं मला आवडतात. सरळ माणसांशी दोन वाक्यं बोलून झाली की मला जांभई येते.

काका वीज कंपनीत वायरमन होते. उभा जन्म खांबावर चढण्यात गेलेला. त्यांचं पारावर कुणाशी फारसं पटत नसे, कारण पारावर बसणाऱ्या बहुतेकांच्या घरचे वीजचोरीचे आकडे त्यांनी तारेवरून कधी ना कधी उतरवले होते. त्यांना हौस एकच, लढाऊ विमानं बनवायची. खरीखुरी, जगाच्या लढायांत उडालेली विमानं, पण तळहातावर मावतील एवढी. लग्न झालं तेव्हा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरत असत. मग पुण्या-मुंबईहून प्लास्टिकच्या सुट्या भागांचे खोके मिळू लागले. मी गेले तोवर ते फोनवरून खोके मागवत होते आणि कुरियरवाला फाट्यावरूनच ओरडायचा, "काका, विमान उतरलं."

खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं विमान, हे त्यांचं माप. त्यात घासाघीस नाही. हे माप त्यांच्या डोक्यात इतकं भिनलेलं होतं, की बाजारात म्हैस बघितली तरी मनात तिचा बहात्तरावा हिस्सा करून बघत. "तुमची शाळा चपलांच्या खोक्यात मावती," असं मला एकदा म्हणाले. आमच्या हेडमास्तरांचं तर काय होईल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्यायला हात लावायचं काम न्हाई. ते आधीच बराबर मापात हायत."

नवं कोरं दिसणारं विमान त्यांना बघवत नसे. हिंगोलीहून रंग आणायचे, ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून उरलासुरला डबा आणायचे, बारीक कुंचल्यानं दिवस दिवस पंख रंगवायचे, आणि सगळं सुंदर झालं की ते मळवायला बसायचे. इंजिनाच्या धुराचा काळा फराटा काकूंच्या काजळाचा. चाकांना लागलेली माती रानातली, वस्त्रगाळ केलेली. "लढाईवर जाणारं विमान धुऊनपुसून जातं व्हय?" ते म्हणत. मात्र बॉम्ब ते कधी लावत नसत. प्रत्येक खोक्यात ज्वारीच्या दाण्याएवढे बॉम्ब यायचे, ते सुपारीच्या रिकाम्या डब्यात टाकत. विचारलं तर म्हणत, "घरात लेकरं येतात." त्यांच्या घरात लेकरू नव्हतं. शेजारची यायची, पण ती टीव्ही बघायला.

लढाऊ विमानंच का, हे मी किती वेळा विचारलं असेल. दर वेळी उत्तर वेगळं. कधी म्हणत, लहानपणी नदीत डुंबत होतो, वरून गेलं. कधी म्हणत, हवाई दलाच्या भरतीला गेलो होतो, छाती भरली न्हाई. एकदा चिडून म्हणाले, "ट्रॅक्टर बनवला असता, पण तो दारातच हुभा हाय ना." काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "खोटं बोलून राहिलेत सगळं. खांबावर चढायचे ना रोज, तिथून खाली उतरायचं जिवावर यायचं त्यायच्या." मला हेच खरं वाटतं.

काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतभर मांडणी होती. लग्नात आलेली. तिच्यावर तांब्या-पेले, डबे, ताटं ओळीनं लावायची, घासून लखलखीत. मराठवाड्यात बाईची अब्रू मांडणीवर असते. काकांचं पहिलं विमान वरच्या फळीवर एका पितळी घागरीशेजारी उतरलं, तेव्हा काकूंनी कौतुकानं जागा दिली. पुढं दुसरं, मग तिसरं. पेले खाली आले, डबे कोठीत गेले, ताटं पोत्यात. मी बघितली तेव्हा मांडणीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानंच विमानं, आणि भांड्यांच्या नावाला कोपऱ्यात एक दुधाचं पातेलं. बायका हळदी-कुंकवाला आल्या की काकू ओशाळून म्हणायच्या, "आमचं काय विचारू नका, बाई. आमच्या घरात युद्ध पेटलेलं हाय."

आता केसांचं सांगते.

जुन्या विमानांना पाठीवर एक छोटी काठी असायची आणि तिथून शेपटीपर्यंत ताणलेली तार. ती त्यांच्या रेडिओची. वैमानिक खालच्या माणसांशी बोलायचा तो त्या तारेतून. लहान विमानावर तिला तांब्याची तार लावली की दोरखंडासारखी जाड दिसते, दोरा लावला की त्याची कुसं दिसतात. काकांनी सगळं करून पाहिलं होतं. शेवटी त्यांना कळलं की केस बहात्तर पट जाड केला की तो बराबर खऱ्या तारेएवढा होतो. घरात तर कमरेखाली जाणारा शेपटा होता.

काकू केस विंचरून झाले की फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवायच्या. त्याला गुंतवळ म्हणतात. गुंतवळ साठवायची, आणि "केसावर भांडेऽऽय" असं ओरडत भांडेवाला आला की त्याला देऊन वाटी, पळी, चाळणी, जे येईल ते घ्यायचं, ही बायकांची पूर्वापार रीत. काकूंच्या गुंतवळीवर दोन गिऱ्हाइकं होती. भांडेवाला यायच्या आत काका फटीतून गोळा काढून घेत, उन्हात बसून एकेक केस सोडवत, दोन नखांत धरून ताणून बघत, शिकेकाईनं धुऊन वाळवत. "माझी तर चाळणीसुद्धा झाली न्हाई या जन्मात," काकू म्हणायच्या. "तुमच्या मांडणीवर भांडं ठेवायला जागा कुठं हाय?" काका म्हणायचे. मग काकू म्हणायच्या, "ती मांडणी माझी हाय." हे भांडण मी निदान आठवड्याला एकदा ऐकलं, आणि कुणालाच ते जिंकायचं नव्हतं.

केसाचा एक गुण असतो, तो मला काकांकडूनच कळला. हवा दमट झाली की केस लांबतो आणि कोरडी झाली की आखडतो. त्यामुळे आभाळ यायच्या आधीच विमानांच्या तारांना झोळ पडायचा. काका सकाळी दात घासत मांडणीसमोर उभे राहायचे आणि जाहीर करायचे, "तार ढिली झाली. पाऊस हाय आज." आतून काकू म्हणायच्या, "माझ्या केसायला कशाला विचारता? मला विचारा की. पहाटपासून गुडघे दुखून राहिलेत." आणि पाऊस यायचा. गल्लीतले लोक मूग वाळत घालायच्या आधी काकांना विचारून जात. काका अधिकारानं मांडणीकडे बघून सांगत, पण आधी हळूच आत जाऊन काकूंचे गुडघे कसे आहेत ते विचारून येत, हे मी पाहिलेलं आहे.

मांडणीवरची विमानं डावीकडून उजवीकडे बघत गेलं, की काकूंचं वय वाचता यायचं. पहिल्या विमानांच्या तारा काळ्याभोर. मधे कुठं तरी एका हरिकेन विमानाची तार चांदीसारखी चमकायची. काकूंचा पहिला पांढरा केस काकूंच्या आधी काकांना दिसला होता. त्यांनी तो गुंतवळीतून गुपचूप काढून घेतला आणि विमानाला लावून टाकला, म्हणजे तिला कळायला नको. काकूंना तो पुढं कितीतरी वर्षांनी मांडणी पुसताना सापडला. त्या मला म्हणाल्या, "तवा मला राग यायला पायजे होता ना, मॅडम? न्हाई आला." त्यापुढच्या विमानांत एक काळी, एक पांढरी असं करत करत शेवटच्या फळीवर सगळ्या तारा पांढऱ्या झाल्या होत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या भागात बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. काकांचं रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिलेलं, दावणीला बैल नाही. मग ते काय करत, तर कापसाच्या बोळ्यानं प्रत्येक विमानाच्या खांद्याला, म्हणजे पंख अंगाला जुळतो त्या सांध्याला, तुपाचा नुसता ओझरता हात लावत आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं आवतन देत. दुसऱ्या दिवशी काकू मातीच्या बैलांबरोबर विमानांनाही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. काकूंनी डोळे वटारले. "हसू नका. ते वझं वाहातात ना," त्या म्हणाल्या. कसलं वझं, ते मी विचारलं नाही.

कपाटावर एक खोका कायम बांधलेला होता. त्यात काकांच्या भाषेत 'दुमजली' होतं. पहिल्या महायुद्धातलं, एकावर एक असे दोन पंख असलेलं विमान. त्या जमान्यात पंख तारांनीच एकमेकांना बांधलेले असत. वरच्या पंखापासून खालच्या पंखाला, पुढून मागे, आडव्या-तिडव्या तारा. "तारा काढल्या तर पंख गळून पडतील," काका सांगत. आखूडच, पण एवढ्या तारा लागणार, आणि एकाच्या जागी दुसरा केस चालणार नाही, सगळे एकसारखे मजबूत हवेत, म्हणून तो खोका वर्षानुवर्षं तसाच होता. काकूंना मात्र सगळ्यांत तेच आवडायचं. खोक्यावरचं चित्र त्यांनी मला दाखवलं होतं. "बाकीच्यायला माझा एकेक केस. हे सगळंच माझ्यावर हुभं राहणार," असं त्या म्हणाल्या.

माझ्या तिसऱ्या वर्षी काकूंच्या छातीत गाठ निघाली. त्यांनी ती बरेच दिवस लपवलेली होती. का, तर काकांचं एक विमान रंगात होतं आणि त्यांना मधे उठवायला नको. हे ऐकून मी काकूंवर एवढी चिडले की दोन दिवस बोलले नाही. नांदेडच्या दवाखान्यात औषधं सुरू झाली. दोघं बसनं जायचे, दोघं बसनं यायचे. काका खिडकीशी काकूंना बसवायचे आणि स्वतः आपला रुमाल धरून उन्हाची तिरीप अडवायचे.

मग केस गळायला लागले.

त्या दिवशी मला सुट्टी होती. काकू अंगणात उन्हाला बसल्या होत्या. समोर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं. फणी फिरवली की झुबकाच हातात यायचा. त्या रडत नव्हत्या. प्रत्येक झुबका मांडीवर घेऊन सरळ करायच्या, मुळाकडची टोकं एका बाजूला जुळवायच्या आणि लाल दोऱ्यानं बांधून कागदावर ठेवायच्या, भाजीवाली मेथीच्या जुड्या ठेवते तशा. मी जवळ जाऊन बसले.

"जन्मभर चोरून नेत होते," काकू म्हणाल्या. "आता एकदाच देऊन टाकते. भांडेवाल्याला यातला एक केस मिळणार न्हाई."

त्यांनी त्या सगळ्या जुड्या एका कापडी पिशवीत घातल्या आणि काकांच्या हातात दिल्या. "घ्या. आता दुमजली करा. तारा न्हाईत म्हणून अडलं होतं ना?" काकांनी पिशवी घेतली. ती त्यांनी मांडणीच्या खालच्या खुंटीला अडकवली आणि तसेच परसात गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

दुमजली मात्र त्यांनी सुरू केलं. असं काम मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. काकू खाटेवर, ते खाटेशेजारी जमिनीवर. पंख जोडले, चाकं जोडली, रंग दिला. काकूंनी सांगितलं तो रंग दिला, म्हणजे खऱ्या विमानाला नव्हताच असा तांबूस, त्यांच्या एका आवडत्या लुगड्याचा. बहात्तराव्या हिश्शाशी जन्मभर प्रामाणिक राहिलेला माणूस, पण रंगाच्या बाबतीत मुकाट ऐकलं. फक्त तारा राहिल्या.

"तारा लावा ना," काकू म्हणायच्या.

"लावतो. तुझे नवे केस येऊ दे आधी. डाक्टर म्हणले ना, येतात म्हणून. मंग लावतो."

हे उत्तर त्यांनी रोज दिलं. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. पिशवी समोर लटकतेय, विमान तयार आहे, बाई विचारतेय, आणि हा माणूस हटून बसलाय. पुढं माझ्या लक्षात आलं. पिशवी न उघडता खुंटीला आहे तोवर केस नुसते गळले होते, परत येणार होते. त्यातला एक जरी तारेला लावला असता तर ते शेवटचे ठरले असते. काका तार लावत नव्हते असं नाही. ते काकूंना थांबवून धरत होते.

काकू थांबल्या नाहीत. एका दुपारी मी शाळेतून आले तर दारात चपलाच चपला होत्या.

दिवसकार्यासाठी काकांच्या थोरल्या बहीण नरसीहून आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. अंगानं काटक, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. घरात बाई नाही म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. तेरवीच्या आधी घर झाडून-पुसून, सारवून, अंथरुणं उन्हात घालून लख्ख केलं. आणि गेलेल्या बाईचे केस घरात ठेवू नयेत, कुणाच्या हाती लागले तर बाधतात, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्याच दिवशी गल्लीत आवाज आला, "केसावर भांडेऽऽय." अक्कांनी खुंटीवरची पिशवी त्याच्या तराजूत रिकामी केली. एवढे लांब, एवढे सरळ केस त्या माणसालाही रोज मिळत नसणार. त्यानं बदल्यात जाड बुडाचं स्टीलचं पातेलं दिलं.

तेरवी झाली. पाव्हणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दुमजली खाली घेतलं, समोर पाट मांडला, सुई, गोंद, चिमटा ठेवला. मी दारात होते. मनाशी काही ठरवूनच ते बसले होते. मग ते उठून खुंटीकडे गेले.

"अक्का, इथं पिशवी होती."

"कोणती? केसाची व्हय? ती दिली की भांडेवाल्याला," अक्का आतून म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन बाहेर आल्या. "हे बघ, कसलं जड हाय. तिची भांड्याची लई हौस. म्हणलं तिच्या नावानं एक तरी भांडं राहू दे मांडणीवर."

काका पातेल्याकडे बघत राहिले. ते रागावतील असं मला वाटलं, निदान मोठ्यानं बोलतील. त्यांनी पातेलं हातात घेतलं, उलटं करून बूड बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय." मग मला म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी हाय का रिकामी?"

भांडेवाला शिरड शहापूरकडचा आहे एवढंच बाजारात कळलं. माझ्या स्कूटीवर मागे बसून काका आले. विचारत विचारत आम्ही त्याच्या दारात गेलो. तरणाबांड माणूस, चांगला होता बिचारा. त्यानं आम्हाला बसायला बाज टाकली, पाणी दिलं. काकांनी सांगितलं तेव्हा तो कसानुसा झाला. त्यानं घरातून एक पोतं ओढत आणलं आणि तोंड सोडलं.

पोतंभर केस. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, कुरळे, सरळ, सगळे एकात एक.

"काका, यात किती गावच्या बाया हायत, मला तरी काय ठावं," तो म्हणाला. "तुमचं कोणतं म्हणून काढून देऊ?"

"लाल दोऱ्यानं बांधलेले हायत," काका म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. दोरे ठेवत नाहीत, आल्या आल्या सोडून टाकतात. तरी काका खाली बसले. त्यांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला आणि एकेक झुबका बाहेर काढून उजेडाकडे धरू लागले. दोन नखांत धरून ताणून बघायचे, ठेवायचे. दुसरा घ्यायचे. जन्मभर एकाच बाईचे केस हाताळलेला माणूस, त्याला ते ओळखू येतील असं मला अगदी खरं वाटत होतं. भांडेवाल्याची बायको लेकराला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती डोळ्याला पदर लावून आत गेली. ऊन उतरलं तेव्हा काका उठले. हात झटकले. "न्हाई कळत," एवढंच म्हणाले.

निघताना भांडेवाल्यानं एक चाळणी पुढं केली, तशीच घेऊन जा म्हणाला. काकांनी ती घेतली. त्याच्या मनाला तकलीफ नको म्हणून घेतली असावी.

आम्ही परत आलो तेव्हा अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. कुणी तरी त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. काका आत येताच त्यांनी डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि अंबाडा सोडला. विरळ, पांढरेशुभ्र केस खांद्यावर पडले. "घे," त्या म्हणाल्या. "उपटून घे माझे. मला न्हाई कळलं, बाबा. मला कुणी सांगितलं न्हाई."

काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले. बहिणीचे केस त्यांनी दोन्ही हातांनी गोळा केले, वळून नीट अंबाडा बांधून दिला आणि पदर डोक्यावर ओढला. "अक्का, तुझी काय चुकी न्हाई. मीच लावायला पायजे होत्या तारा," ते म्हणाले. "ती रोज म्हणत होती." मग त्या दोघांना तिथंच सोडून मी माझ्या खोलीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

अक्का नरसीला गेल्या. काकांनी विमानांकडे बघायचं सोडलं. मांडणीवर धूळ बसली. सकाळी दात घासत ते अंगणातच उभे राहात. कुणी येऊन पाऊस विचारला तर, "रेडिओवर ऐका," म्हणत. दुमजली पाटावर तसंच उभं, तारांवाचून. मला ते बघवेना म्हणून मी त्यावर फडकं टाकलं. काकांनी ते काढलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. परत आले ती काकांसाठी चिवडा घेऊन आत गेले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि नजर मांडणीवर गेली. मांडणी पुसलेली होती, विमानं ओळीत होती, पण एकाही विमानाला तार नव्हती. पाठीवरच्या काठ्या नुसत्या उभ्या. पहिल्या लाकडी विमानापासून शेवटपर्यंत सगळ्या तारा काढलेल्या. मला वाटलं, झालं, माणसाचं डोकं फिरलं. जे होतं नव्हतं तेही टाकून दिलं.

"काका, हे काय केलं?"

त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. फडकं बाजूला होतं.

दुमजली पुरं झालं होतं. वरच्या पंखापासून खालच्या पंखाला, पुढून मागे, आडव्या-तिडव्या तारा, एकही सैल नाही. नाकाकडच्या तारा काळ्याभोर होत्या. नवीन लग्न होऊन आलेल्या काकू. तिथून मागे मागे येत एखादी पांढरी, मग दोन, आणि शेपटीपर्यंत सगळ्या पांढऱ्या. हरिकेनवरची ती चांदीची तारही मी ओळखली. ती त्यांनी बरोबर मधे लावली होती.

"आखूडच लागत होत्या," काका म्हणाले. "जुन्यातल्या पुरल्या. मला आधी सुचलं न्हाई."

"आणि ती सगळी?" मी मांडणीकडे बघून विचारलं.

"ती उतरली आता. त्यायला कुणाशी बोलायचं हाय?"

दुमजली त्यांनी मधल्या फळीवर ठेवलं. त्याच्या एका बाजूला ते जाड बुडाचं पातेलं आणि दुसऱ्या बाजूला चाळणी. काकूंची भांडी शेवटी मांडणीवर आली, हे बघायला त्या नव्हत्या. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

पुढल्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सकाळीच सामान टेम्पोत चढवलं आणि काकांचा निरोप घ्यायला मी आत गेले. बाहेर कडक ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. काका दुमजलीसमोर उभे होते, चष्मा कपाळावर, तोंडात ब्रश. मी जवळ गेले. तारांना बारीकसा झोळ पडला होता.

"ढिली झाली बघा," काका म्हणाले. त्यांनी तोंडातला ब्रश काढला आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच आतल्या खाटेकडे वळून पाहिलं. "पहाटपासून गुडघे दुखून राहिले असतील तिचे."

मग ते दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेले.